हद्दीवरचा पाइप

रंगाच्या कारखान्याचे मालक दौलतराव भलतेच हुशार. त्यांचा पाइप ओढ्यात लाल पाणी ओकायचा आणि ते पिऊन म्हशी मरायच्या. निंबोडीची सरपंच हौसाक्का भांडायला गेली की म्हणायचे, "पाइप साळगावच्या हद्दीत." साळगावकर गेले की, "निंबोडीच्या!" दोन्ही पंचायती वर्षभर एकमेकींवरच गुरगुरत बसल्या. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं!

शेवटी हौसाक्का साळगावच्या सरपंचाला, गणपाला, घेऊनच कारखान्याच्या दारात उभी राहिली.

दौलतराव कसले डगमगतात! "अहो, पाइप मधल्या बेवारस पट्टीत आहे. तिथं कुठल्याच पंचायतीची सत्ता नाही."

"बरं झालं सांगितलंत," हौसाक्का म्हणाली. "मघाशीच आम्ही दोघांनी तो सिमेंटनं बुजवला. आता तक्रार कुठल्या पंचायतीत करताय, मालक?"