हिमकेशाच्या दारी तीन खुणा

एका राज्यात हिवाळा पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला.

त्याला कारण राजाच. धवलसेन राजाच्या दारी हिमकेश नावाचा मांत्रिक एका थंडीत विस्तव मागायला आला. विस्तव वैऱ्यालाही नाकारू नये, ही तिथली रीत. राजाने मात्र "उद्या ये" म्हणून सांगून पाठवलं. मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझा उद्या आता माझ्या हाती. हिवाळा उठत असल्याच्या तीन खुणा एका दिवसात पाहून जो मला सांगेल, त्याच्या शब्दाने शाप सुटेल. न पाहिलेलं सांगेल, तो दगड होईल."

तीन वर्षं लोटली. शेतं करपली, कणग्या रित्या झाल्या. पंडित गेले, सरदार गेले, "वसंत आला" म्हणाले आणि मांत्रिकाच्या अंगणात दगड होऊन उभे राहिले. राजबागेचा माळी सोमाजीही गेला. तो लबाड नव्हता, उतावळा होता. आंबा मोहरणारच, अशी त्याची खात्री; म्हणून "मोहरला" म्हणाला. तेवढ्यावर तोही दगड झाला.

त्याची बायको तुंगा सात दिवस रडली, त्याच्या उतावळेपणावर चिडली. आठव्या दिवशी पदर खोचून निघाली. वाटेत एक साळुंकी भेटली. ती माणसासारखं बोले, पण बरं म्हणून काही बोलत नसे.

"माळीणबाई, कुठे निघालीस?"

"धन्याला सोडवायला."

"परत जा. हिवाळा जायचा नाही. मी उंचावरून पाहते, मला ठाऊक."

"तू उंचावरून पाहा, बाई. मी वाकून पाहते."

साळुंकी मागोमाग उडत आली. दुसऱ्याची फजिती पाहायची हौस कुणाला नसते?

वाटेवर पांगारा वाळून कोळसा झाला होता. झाडाची खबर नखाने घ्यावी, हे माळणीला कुणी शिकवावं लागत नाही. तुंगेने साल खरवडली. आत ओलं हिरवं होतं.

"एवढंसं?" साळुंकी हसली.

"आधी एवढंसंच असतं," तुंगा म्हणाली.

पुढे बांधाखाली मुंग्यांनी वारुळाचं तोंड उघडलं होतं, भोवती ताज्या मातीचे कण होते. दोन खुणा झाल्या. तिसरी मात्र दुपार कलली तरी दिसेना. मांत्रिकाच्या फाटकापाशी आंबा होता. तुंगेने त्याची फांदी न् फांदी न्याहाळली. मोहर नव्हता. 'आहे म्हणून टाकावं,' असं तिच्याही मनात आलं, आणि तिला आपल्या नवऱ्याचा राग यायचा थांबला.

अंगणात सोमाजी उभा होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गार दगड. तिला फार भीती वाटली.

"बोल," हिमकेश म्हणाला.

"सालीखाली हिरवं पाहिलं."

"खरं."

"मुंग्यांनी काढलेली ताजी माती पाहिली."

"खरं. तिसरी? सूर्य टेकला आहे."

आता साळुंकी टोमणा मारणार, म्हणून तुंगेने वर पाहिलं. पण दिवसभर वटवट करणारी साळुंकी मुकाट होती. मांत्रिकाच्याच वळचणीला एक भोक होतं, त्याच्या तोंडाशी ती बसली होती, आणि तिच्या चोचीत काडी होती.

तुंगेला हसू फुटलं.

"महाराज, तिसरी तुमच्याच वळचणीला आहे. ही दिवसभर सांगते, हिवाळा जायचा नाही. आणि गुपचूप घरटं बांधते आहे."

हिमकेशाने मान वर केली.

"खरं," तो हळूच म्हणाला.

"मी आपली सहज उचलली!" साळुंकी ओरडली, आणि काडी खाली पडली. साळुंकी लगेच उतरली आणि ती उचलून परत भोकाकडे गेली.

तोच वारा फिरला. दगड झालेले पंडित शिंकले, सरदार जांभया देऊ लागले. वारा फिरल्याची खबर लागताच राजा धवलसेन स्वतः विस्तवाचं मडकं घेऊन अनवाणी आला आणि मांत्रिकाने ते दोन्ही हातांनी घेतलं.

सोमाजीने डोळे उघडले. "तुंगे, आंबा मोहरला?"

"नाही, धनी. अजून नाही."

त्याने मान खाली घातली. तुंगेने त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो ऊबदार होता. तेव्हा तिला पुन्हा रडू आलं.

"मोहरेल तेव्हा दोघं मिळून पाहू," ती म्हणाली, "आणि मग सांगू."