रेशमी जाळीतली जलपरी

बारीक बारीक मणी ओवता ओवता गुंजीच्या आईची नजर विझून गेली. तेव्हापासून घरची चूल गुंजीच्या इवल्याशा बोटांवर पेटत होती. बंदरावरच्या बायकांचे हार ती रेशमात गुंफून द्यायची.

एके दिवशी शेटाणीबाईंनी दोन चंदेरी नाणी तिच्या ओंजळीत ठेवली. दूरच्या ग्रीस देशातून गलबतानं आलेली, फार फार जुनी.

"लेकीच्या लग्नाचा हार आहे. भोकं पाड आणि ओव पटकन."

गुंजी घरामागच्या बागेत झऱ्याच्या सुकलेल्या कपारीपाशी बसली. एका नाण्यावर गोल डोळ्यांचं गुबगुबीत घुबड होतं. दुसऱ्यावर एक सुंदर मुलगी, आणि तिच्या केसांभोवती पोहणारे चिमुकले डॉल्फिन! गुंजीनं गिरमिटाचं टोक तिच्या कपाळावर टेकवलं, पण तिचा हातच पुढे जाईना. सुंदर वस्तू टोचल्याशिवाय मिरवता येत नाही, असं ठरवलं तरी कुणी? तिनं गिरमीट दूर सारलं, लाल रेशमाची नाजूक जाळी विणली आणि दोन्ही नाणी अलगद तिच्यात बसवली, जशी घरट्यात पिल्लं.

तोच मुलीचं नाणं पाझरू लागलं. निळसर, मोतिया धुक्यातून एक परी उभी राहिली.

"मी अरेथुसा. एक नदीदेव माझ्यामागे लागला, म्हणून देवीनं मला झरा केलं. समुद्राखालून पळाले मी! मग कुणीतरी मला चांदीवर कोरलं. तेव्हापासून वाहिलेच नाही गं. तू मला टोचलं नाहीस. माग, एक इच्छा माग! पण नियम ऐक. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी मागशील, ते माझ्याकडून नाहीतर या घुबडाकडून काढून घेतलं जाईल."

"आईला डोळे हवेत," गुंजी पुटपुटली.

"माझे घे की!" दुसऱ्या नाण्यावरचं घुबड ऐटीत म्हणालं. "नाहीतरी दिवसा मला कुठे धड दिसतं?" पण त्याची पिसं थरथरत होती.

भिंत चाचपत चालणारी आई गुंजीला दिसली.

"नको रे घुबडोबा. तुला अंधारात ढकलून आईला उजेड कसा देऊ? परीताई, तूच वाहा. मनसोक्त वाहा."

"वेडी गं वेडी!" परी हसली. हसता हसता तिचे केस किरण झाले, किरणांचे तुषार झाले. सगळी बाग सोनेरी झळाळली आणि परी त्या झळाळीत विरघळून गेली. नाण्यावर तिचं चित्र तेवढं हसत राहिलं. कपारीतून मात्र गार, लखलखतं पाणी खळाळत आलं.

गुंजीनं आईला हात धरून तिथं आणलं. आईनं ओंजळभर पाणी डोळ्यांवर मारलं, पापण्या मिचकावल्या, आणि बघतच राहिली.

"अगं बाई, गुंजे! वेणी किती वाकडी घातलीयस! ये बघू इकडे."