टोपलीत पडलेले बेट

एका गावात त्र्यंबकराव नावाचे एक लेखक राहत होते. त्यांचा लिहिण्याचा हात चांगला होता, पण हट्ट त्याहून मोठा. पानावर आधी 'श्री' लिहायचे, मग मजकूर. श्रीकाराखाली खाडाखोड करायची नाही, असा त्यांचा नेम. एक शब्द चुकला की अख्खे पान टोपलीत जाई. शंभर पानांची गोष्ट पुरी होईपर्यंत हजार पाने वाया जात.

त्यांना कागदाचा तोटा नव्हता. घरामागे त्यांचे बांबूचे बेट होते. कागदाच्या गिरणीचा माणूस दर हिवाळ्यात बांबू तोडून नेई आणि बदल्यात कागदाचे गठ्ठे टाकून जाई. आपल्याला कागद फुकटच मिळतो, असे त्र्यंबकरावांना वाटे.

त्याच बेटातले चार बांबू मागून नेऊन कौसाबाई टोपल्या आणि सुपे विणत असे. तिचे पोट त्यावरच होते. त्र्यंबकरावांची रद्दीची टोपलीही तिनेच विणलेली. ती टोपली पुरेना, म्हणून एक दिवस ते तिच्या दारात गेले. कौसाबाई बोचके बांधत होती.

"कौसाबाई, याहून मोठी टोपली हवी. आणि हे बोचकं कसलं?"

"लेकीकडं निघाले, अण्णा. विणायला बांबूच उरला नाही."

"एवढा बांबू गेला कुठं?"

"तुमच्या टोपलीत पडलाय की. मी बांबूची टोपली केली, तुम्ही ती बांबूनंच भरली."

त्र्यंबकराव तडक घरी आले. कित्येक महिन्यांनी त्यांनी मागचे दार उघडले. बेटाच्या जागी खुंट उरले होते आणि कडेला पाच-सात कोवळे बांबू. त्यांना स्वतःची लाज वाटली. ज्याच्या जिवावर जन्मभर लिहिले, त्याच्याकडे आपण साधे वळूनही पाहिले नाही.

ते लगेच परत गेले. "जाऊ नकोस. बेट पुन्हा वाढेपर्यंत माझी रद्दी घे. पोती भरून आहे."

कौसाबाई हसली. कागदाच्या घट्ट सुरळ्या वळून तिने टोपल्या विणल्या, आणि बाजारात त्या खपल्याही.

गिरणीच्या माणसाला त्र्यंबकरावांनी दारातूनच परत पाठवले. भाचीचा अडगळीत पडलेला लॅपटॉप दुरुस्त करून घेतला. पहिले काही दिवस बोटे अडखळली. मग त्यांच्या ध्यानात आले की इथे शब्द खोडला तरी डाग राहत नाही, श्रीकार तसाच स्वच्छ. मित्रांनी पुस्तकाचा कच्चा खर्डा फोनवर वाचला. छापताना वाचकांनी मागितल्या तेवढ्याच प्रती छापल्या. नेमही राहिला आणि बेटही.

दोन वर्षांनी बेट दाट झाले. पहिल्या बांबूची ओंजळीएवढी टोपली घेऊन कौसाबाई आली.

"अण्णा, ही तुमच्या रद्दीला."

त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले. "आता टाकायला कागद कुठं आहे, बाई?"

"मग देवाची फुलं ठेवा."

तेव्हापासून ते सकाळी ती टोपली फुलांनी भरत, मागच्या दाराशी जाऊन बेटाला हात जोडत आणि मगच लिहायला बसत.

तात्पर्य: चुका यंत्रावर कराव्यात, कागद राखण्याजोग्या शब्दांसाठीच वापरावा, झाडाचे उपकार मानायचे तर त्याला उभे ठेवावे.