तांबडीने काढलेला माग

माळावर लांडगे फिरत, त्या काळची गोष्ट. बिरू धनगराचा म्हातारा कुत्रा करड्या आपल्या लेकीला, तांबडीला, माग काढायला शिकवी. "एकच वास धर, बाकीचे सोड," तो सांगे. ती मात्र सशामागे धावे.

एकदा कोकरू हरवलं. करड्याचं नाक थकलेलं, म्हणून तांबडी पुढे झाली. वाटेत ससा उडाला. ती थरथरली, पण नाक जमिनीवरच राहिलं. पुढे वाटेवर गावची जत्रा भरली होती; तिथल्या मटणाच्या वासाने तोंडाला पाणी सुटलं, तरी ती वळली नाही. अखेर घळीत कोकरू जिवंत सापडलं.

"करड्या, पोर तुझ्यावर गेली रे!" बिरू म्हणाला.

"नाही धनी," करड्या मान ताठ करून म्हणाला, "मी मटणाकडे वळलो असतो. पोर माझ्यापुढे गेली."