नावाची झाडं

एकदा एक बाई चावडीसमोर उभी राहून घसा फोडून सांगत होती, आणि तिचं कुणी खरं मानत नव्हतं.

"आत्याबाईंनी माळाला काडी लावली! हिरवी झाडं तोडली! या डोळ्यांनी बघितलं मी."

माणसं हसली. एक जण म्हणाला, "अगं, पायाखाली गवत मोडंल म्हणून वाट वाकडी करणारी बाई ती. ती काडी लावंल?"

"हिच्याच डोळ्यांत धूर गेला असंल."

सरपंच खुर्चीतून न उठता म्हणाला, "घरला जा बाई. काडी चुलीला लाव आधी. पोरं उपाशी असतील."

"चला की मग! आत्ता चला बघायला!"

कुणी उठलं नाही. माळावर जातंय कोण? वेडी बाभूळ माजून वाटा बुजल्या होत्या. ज्या माळाचा गाव अभिमान सांगत होता, तिकडे गावानं कित्येक उन्हाळ्यांत पाऊल टाकलं नव्हतं. बाई चार शिव्या पुटपुटत परत फिरली.

ही बाई आत्याबाईंची शिष्या. शिष्या म्हणजे कुठल्या आश्रमातली नव्हे. मेंढरांमागं हिंडणारी, चौथी शिकलेली, विधवा, तोंडानं फटकळ. आत्याबाई म्हणजे माळाच्या कडेला, मेंढरं कोंडायच्या वाड्यावर राहणारी वृद्ध मेंढपाळ स्त्री. तिला सारं गाव आत्याबाईच म्हणे. तिचं खरं नाव घेणं हा तिच्या वयाचा अपमान समजला जाई. कोणतं गवत दुभत्या मेंढीला द्यावं, कोणत्या वाऱ्याला कळप कुठं बसवावा, हे सारं ज्ञान तिनं शिष्येला दिलं होतं. अशा गुरूनं गावाला न सांगता माळ जाळावा, हे शिष्येला सोसवेना. त्याहून एक गोष्ट तिच्या काळजाला लागली होती. तोडलेल्या झाडांत तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाचं झाड होतं.

त्या गावात नावाची झाडं होती. पूर्वी नव्हती.

पूर्वीचा माळ शिष्येला आठवत होता. नवी नवरी म्हणून ती आली तेव्हा श्रावणानंतर पवन्या गवत कमरेला लागायचं. वारा सुटला की सगळा माळ एका अंगावर वळायचा. कुसळं लुगड्याला चिकटायची आणि सासू म्हणायची, "माळ घरात आणलास की गं!" चंडोल गात गात उंच जायचा, दिसेनासा व्हायचा, आणि गाणं मात्र वरून पडत राहायचं. तेव्हा एक रीत होती. माळावर झाडाचं रोप दिसलं की बायका ते उपटून माळजाईच्या तांदळ्यापुढं, तिच्या शेंदरी दगडापुढं, ठेवायच्या. इतर देवींना फुलं, या देवीला उपटलेलं रोप. आणि थंडीत, दव पडलेल्या सकाळी, वारा निपचित असताना, कुरणाच्या कडेनं गवताचा एक पट्टा गाव स्वतः जाळून घ्यायचं. वणवा आला तर तिथंच अडावा म्हणून. त्याला जाळपट्टा म्हणत. निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहायच्या. काम झालं की तिथंच राखेत भाजलेली वांगी आणि भाकरी. काळ्या झालेल्या तोंडांकडं बघून एकमेकींना हसायचं.

मग शहाणपण आलं. माळ म्हणजे ओसाड, झाड म्हणजे पुण्य, असं गावाला वाटू लागलं. रोपं उपटणारी देवी गावाला लाजिरवाणी झाली. सरपंचानं ठरवलं की जन्मलेल्याच्या आणि मेलेल्याच्या नावानं माळावर एकेक झाड लावायचं. पाण्यावाचून जगावं, शेळीनं पाला खाऊ नये, म्हणून वेडी बाभूळ निवडली. पहिलं झाड मानाचं. ते आत्याबाईंच्या नावानं लावलं. ताशा वाजला, हार घातला, लुगडं दिलं. नावाच्या झाडाला कुऱ्हाड लावली तर त्या माणसाला अपशकुन, असंही कुणीतरी जोडून दिलं. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी सांडलं, आणि लावली त्याच्या कितीतरी पट झाडं आपोआप उठली. गवत मागं सरलं. चंडोल गेला.

शिष्या वाड्यावर परतली तेव्हा आत्याबाई कुदळीनं एक बुडखा खणत होती.

"सांगून आलीस?"

"आले. कुणी मानलं न्हाई."

"मग धर ही कुदळ. नुसतं तोडून भागत न्हाई. बुडखा राहिला की एकाचे चार फुटत्यात."

"माझ्या धन्याचं झाड हुतं ते, आत्याबाई!"

म्हातारी थांबली. "तुझा धनी माझ्या हाताखाली वाढला. गवतात लोळणारं पोर. त्याची आठवण काट्यात कशापायी ठेवायची?"

शिष्येला रडू आलं आणि रडू आलं म्हणून अधिकच राग आला. "लोकांची नावं तोडताय. आणि तुमचं झाड बरं उभं हाय टेकाडावर!"

आत्याबाईनं कुदळ पुन्हा मारली, पण ती दगडावर लागली.

"जाळपट्टा कशाला, ते तरी गावाला सांगायचं!"

"सांगून काय झालं असतं? तुझं ऐकलं का?"

उत्तर खरं होतं, म्हणून शिष्येनं मुकाट्यानं कुदळ धरली. ती थंडी दोघींनी खणण्यात घालवली. वाड्याच्या आणि गावाच्या बाजूला एक काळा, रुंद, मोकळा पट्टा तयार झाला. टेकाडावरचं ते एकच मानाचं झाड पट्ट्याच्या कडेला ऐसपैस उभं राहिलं.

चैत्रात वणवा आला.

मध काढायला आलेल्या एका परक्या माणसाच्या टेंभ्यातून ठिणगी पडली, एवढंच निमित्त. गवतात आग गुडघ्याएवढी होती, तोवर शिष्या डहाळी घेऊन झोडपायला धावली. पण बाभळीच्या जाळीत शिरताच आग उभी राहिली. शेंड्याशेंड्यावरून चालली, आणि तिचा आवाज दरड कोसळल्यासारखा येऊ लागला. गाव घागरी घेऊन धावलं आणि काट्यांपाशी अडलं. कळप एका बाजूला, आग दुसऱ्या बाजूला, मध्ये तो काळा पट्टा. आग पट्ट्याशी आली. खायला काही मिळेना. ती खाली बसली, धुमसली, आणि गावाच्या दिशेनं मेली.

फक्त एका जागी ती ओलांडून आली. टेकाडावरचं झाड पेटलं, त्याच्या जळत्या फांद्या वाऱ्यानं पलीकडं फेकल्या, आणि आत्याबाईच्या वाड्यालगतची चाऱ्याची गंजी गेली. गंजीच्या आडोशाला ठेवलेली सात-आठ कोकरं गेली. शिष्येनं त्यांतलं एक बाहेर ओढलं. ते तिच्या मांडीवर मेलं.

तिसऱ्या प्रहरी गावानं त्या परक्या माणसाला झाडाला बांधलं. सरपंचाच्या हातात काठी होती. "माळ जाळला यानं! आमची नावं जाळली!"

"सोडा त्याला," आत्याबाई म्हणाली.

"आत्याबाई, तुमचीच कोकरं गेली की!"

"म्हणूनच म्हणते." ती काठी टेकत मध्ये आली. "ठिणगी कुणाच्याबी हातनं पडती. आभाळातनंबी पडती. माझ्या जन्मात माळ कैकदा पेटला. आमी बायका डहाळ्यांनी झोडपून इझवायचो आणि सांजच्याला भाकरी थापायचो. गवत जळलं तरी त्याचं मूळ खाली गार असतं. पाऊस पडला की ते परत हजर. आगीला शिडी दिली ती आपण. झाड वाईट न्हाई बाबांनो. वढ्याकाठी लावा, बांधाला लावा, दारात लावा. पण माळ ही रिकामी जागा न्हवती. ते गवताचं घर हुतं. आपल्याला रिकामं दिसलं म्हणून आपण दुसऱ्याच्या घरात सामान भरलं."

सरपंचाची काठी खाली आली. पण हट्ट गेला नव्हता. "असंल. तरी दोष कुणाच्या तरी नावावर मांडायला पायजे. गावाचं नुकसान झालंय."

"मांडा की. पहिलं झाड कुणाच्या नावाचं?"

सगळ्यांच्या नजरा टेकाडावरच्या जळक्या झाडाकडं वळल्या.

"मला ठाऊक हुतं," आत्याबाई म्हणाली. "माळजाईपुढं रोपं ठेवून हात झिजलेली बाई मी. त्या दिवशी एक शबूद बोलले असते तर गाव थांबलं असतं. पण हार गळ्यात पडला, ताशा वाजला, बरं वाटलं. यंदा पट्ट्यात आलेली समद्यांची झाडं तोडली. माझ्या झाडापाशी मातर रोज कुऱ्हाड घेऊन जायची, सावलीला बसायची आणि परत यायची." ती शिष्येकडं वळली. "पोरी, दोष कुणाच्या नावावर मांडायचा, ते नाव तूच सांग आता. त्या दिवशी तुझं कुणी मानलं न्हाई. आज मानतील."

शिष्येच्या लुगड्याला कोकराची राख लागली होती. आत्याबाईचं खरं नाव ठाऊक असूनही तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. त्या गावात जिवंत असलेल्या कुणीच ते उच्चारलं नव्हतं. गुरूचा मान राखावा की गुरूनं शिकवलेलं खरं राखावं, हे तिला क्षणभर उमजेना. मग तिनं त्या बांधलेल्या माणसाकडं पाहिलं, म्हातारीच्या शांत डोळ्यांकडं पाहिलं, आणि तिला समजलं की हा शेवटचा बुडखा तिनंच खणायचा आहे.

तिनं पदर सावरला, पुढं होऊन म्हातारीच्या पायांना हात लावला, आणि चावडीवर घसा फोडला होता त्याच ठामपणानं, पण या वेळी हळू, ती म्हणाली,

"म्हाळसाबाई."