पाय ठेवायला जागा नसलेलं दुकान

एका बाजारपेठेच्या गावात एक मिठाईवाला राहत होता. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याने जे केलं ते ऐकून तुम्ही त्याच्यावर रागावणार आहात. त्याचे पेढे खरोखर चांगले होते आणि दुकानही बरं चाललं होतं. पण एके दिवशी रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या मिठाईवाल्याने दुकान थाटलं, आणि याच्या पोटात दुखू लागलं.

समोरच्याने दुकानात नक्षीदार फरश्या बसवल्या होत्या. निळ्या-पांढऱ्या, वेलबुट्टीच्या, भर उन्हातही पायाला गार लागणाऱ्या. लोक जिलबी खायला जात आणि फरशी बघत बसत. आपल्या मिठाईवाल्याचं दुकान वडिलांच्या वेळचं, जमीन जागोजागी उखडलेली. गिऱ्हाईक एकेक करून रस्ता ओलांडू लागलं. वडिलांनी उभं केलेलं दुकान आपल्या हातून बुडणार, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी त्याने कारागिराला बोलावलं. कारागिराने फरश्यांचे नमुने मांडले. कमळं होती, मोर होते, कोयऱ्या होत्या. मिठाईवाल्याने सगळे बाजूला सारले.

"मला लक्ष्मीची पावलं हवीत," तो म्हणाला. "लाल फरशीवर पांढरी पावलं. दारातून आत येणारी."

"करू की. उंबऱ्यापाशी एक जोडी शोभून दिसेल."

"एक जोडी कशाला? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळीकडे हवीत. जितकी पावलं तितकी लक्ष्मी!"

कारागीर घुटमळला. "मग शेठ, माणसांनी चालायचं कुठून?"

"ते माझ्यावर सोड. तू फरशी बसव."

कारागिराने बसवली. त्यालाही पोट होतंच.

दुकान असं काही नटलं की पेठेतल्या लोकांचे डोळे दिपले. मिठाईवाल्याने मुहूर्त पाहून पूजा मांडली आणि सगळ्या गावाला बोलावणं धाडलं. लोक दाराशी जमले. तो आत पाटावर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "मंडळी, समोर असेल ती नुसती फरशी. इथे प्रत्यक्ष लक्ष्मी आली आहे! जो इथली मिठाई नेईल, त्याच्या घरी ती जाईल. जोडा हात!"

लोकांनी हात जोडले. काही बायकांनी तर उंबऱ्यावर डोकं टेकवलं. मिठाईवाल्याने दारातूनच पेढे वाटले आणि हळूच समोरच्या दुकानाकडे पाहिलं. तिकडे चिटपाखरूही नव्हतं. त्याला मनातून गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. गिऱ्हाईक यायचं, दारात थांबायचं, हात जोडायचं आणि तिथूनच ओरडायचं, "शेठ, पावशेर पेढे द्या हो इकडेच!" आत कुणी येईना. लक्ष्मीच्या पावलावर आपला धुळीचा पाय ठेवायचा तरी कसा? बसून जिलबी खाणारे मुकाट्याने समोर जाऊ लागले. तिथल्या वेलबुट्टीवर पाय पडला तरी कुणाला पाप लागणार नव्हतं.

आधी मिठाईवाल्याला हे बरंच वाटलं. म्हणाला, लोकांची भक्ती आहे. मग बाकं रिकामी दिसू लागली, ताटातली बालुशाही वाळू लागली, तसं त्याचं डोकं तापू लागलं. सुरुवातीला तो स्वतः भिंतीच्या कडेकडेने अंग चोरून चालत असे. पण दिवसभर कढईपाशी राबणाऱ्या माणसाला असं किती दिवस जमणार? बघायला कुणी नसलं की तो सरळ फरशीवरून जाऊ लागला. नंतर तर चपलाही काढेनासा झाला.

अशातच गावातल्या एका मोठ्या घरी लग्न निघालं. लाडू, बुंदी, पेढे, सगळं मिळून एवढं मोठं काम होतं, की ते मिळालं तर दुकान पुन्हा उभं राहणार होतं. लग्नघरची मंडळी मिठाई ठरवायला निघाली. बसायचं, चव बघायची, भाव करायचा आणि मग सुपारी देऊन काम पक्कं करायचं, अशी तिथली रीत होती. त्यांच्याबरोबर नवरीची आत्या होती. घरातला कुठलाही व्यवहार तिच्या होकाराशिवाय पुढे सरकत नसे.

मंडळी दारापर्यंत आली आणि थांबली.

"या, या, आत या आत्याबाई!" मिठाईवाला आतून म्हणाला.

"येते हो. पण पाय कुठे ठेवू?"

"कुठेही ठेवा."

"कुठेही कसा ठेवू? सगळी पावलंच आहेत की."

"मग भिंतीकडेने या."

"गुडघे धरलेत माझे. डोंबाऱ्यासारखं चालता येत नाही मला."

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. एकजण म्हणाला, "चला, समोरच बसू. तिथे निदान बसता तरी येतं."

'समोर' हा शब्द ऐकला आणि मिठाईवाल्याचा तोल गेला. हातातोंडाशी आलेला घास रस्ता ओलांडून चालला होता. तो गल्ल्यावरून उडी मारून खाली आला.

"अहो, फरशी आहे ती फरशी! मातीची! भट्टीत भाजलेली! हे बघा!" असं म्हणून तो चपला घातलेल्या पायांनी त्या पावलांवर थडाथड नाचला. "काही होतं का? झालं काही मला? या!"

पेठेतले लोक जागच्या जागी थबकले. तराजू धरलेले हात तसेच राहिले. समोरचा मिठाईवालासुद्धा जिलबी पाडायचं थांबवून बघत राहिला.

आत्याबाई रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हळू आवाजात विचारलं, "शेठ, पूजेच्या दिवशी मी या उंबऱ्यावर डोकं टेकवलं होतं. तुम्हीच सांगितलंत म्हणून. तेव्हा लक्ष्मी होती, मग आज माती कशी झाली?"

मिठाईवाला पेचात पडला. लक्ष्मी म्हणावं, तर ती त्याने सगळ्यांसमोर चपलेने तुडवली. माती म्हणावं, तर मातीपुढे सगळ्या गावाला हात जोडायला लावले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने खाली पाहिलं. एका पांढऱ्या पावलावर त्याची चप्पल होती, शेणाने बरबटलेली. त्याने घाईघाईने पाय उचलला, तर तो दुसऱ्या पावलावर पडला.

मंडळी रस्ता ओलांडून गेली. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. मिठाईवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानाचं दार ओढून घ्यायचंही त्याला भान राहिलं नाही.

बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मीसुद्धा दिवाळीत पावलं काढते," ती म्हणाली. "पण दारापाशी बाजूला काढते. आणि वर्दळ सुरू व्हायच्या आत रांगोळी पुसून घेते. एवढ्या वर्षांत कधी बघितलंत का हो तुम्ही?"

त्याने बघितलं नव्हतं. गावाला लक्ष्मी दाखवायला निघालेल्या माणसाने घरातली पावलं कधी पाहिली नव्हती. त्याची मान आणखी खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने फरशी काढायला माणूस शोधला. एकही गवंडी तयार होईना. "पावलावर छिन्नी? नको शेठ, मला पोरंबाळं आहेत," असं म्हणून जो तो हात जोडून निघून जाई. शेवटी मिठाईवाला स्वतःच गुडघ्यांवर बसला. भर बाजाराच्या दिवशी, दार सताड उघडं, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण बघतोय. त्याने अनवाणी राहून एकेक फरशी कडेने सोडवली. हाताला फोड आले. एखादं पाऊल तडकलं की त्याला आपल्याच थोबाडीत बसल्यासारखं वाटे. मनात आलं असतं तर पडदा लावता आला असता, पण त्याने लावला नाही. सगळ्या फरश्या त्याने गाडीत घालून नदीच्या डोहात सोडल्या आणि दुकानात साधा मुरूम टाकून चोपून घेतला.

दुकान आता पहिल्यापेक्षाही उघडंबोडकं दिसू लागलं. लग्नाचं काम समोरच्याला मिळालं होतं, ते काही परत आलं नाही.

लग्न झाल्यावर एका दुपारी आत्याबाई एकटीच आली. मुरमावर नुकतंच पाणी शिंपडलेलं होतं. ती सरळ चालत आत आली आणि बाकावर टेकली.

"पावशेर पेढे द्या. आणि एक आत्ता चवीला."

मिठाईवाल्याने पेढा पुढे केला, पण त्याची नजर वर होईना. "आत्याबाई," तो कसाबसा म्हणाला, "मी लक्ष्मीची पावलं नाही बसवली. मी तिचं दुकान मांडलं. तुमच्या भक्तीवर गिऱ्हाईक ओढायला गेलो. लाज वाटते मला."

"वाटायलाच हवी," आत्याबाई म्हणाली आणि पेढा खाऊ लागली. "पेढा मात्र चांगला आहे."

तो पैसे घ्यायला नको म्हणू लागला, तशी ती डाफरली. पैसे मोजून बाकावर ठेवले आणि ती उठली. दाराशी तिने वळून पाहिलं. ओल्या मुरमात तिच्या भेगाळलेल्या पायांचे ठसे उमटले होते, उंबऱ्यापासून बाकापर्यंत.

"अगं बाई! जमीन खराब केली की मी तुमची."

"असू द्या आत्याबाई."

ती गेली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, रस्त्यावरही कुणी बघत नव्हतं. मिठाईवाला त्या ठशांपाशी आला, वाकला, आणि त्याचे हात आपोआप जुळले.

तात्पर्य: ज्याच्यापुढे आपले हात एकांतात जुळत नाहीत, त्याच्यापुढे चारचौघांना हात जोडायला लावू नये, नाहीतर एक ना एक दिवस आपलीच चप्पल आपल्याला उघडं पाडते.