आधी समोरच्याचं म्हणणं

जपून चढा हो, या खापरटेकावर पायाखाली सगळ्या खापऱ्याच आहेत. घसरलात तर मला बोल लावू नका. वर तो कातळाचा चौथरा दिसतो ना, तिथे आमची गावसभा भरते. दुसऱ्याला खोडून काढायचं तर तिथे आधी त्याचंच म्हणणं आपल्या तोंडाने सांगावं लागतं. तो 'हो, हेच' म्हणाला की मग आपलं बोलायचं. ही रीत एका बाईने पाडली, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. समुद्रापलीकडचे यवन व्यापारी या घाटाखाली येऊन राहिले होते. त्यांना राजा नको होता. जे ठरायचं ते चौथऱ्यावर, सगळ्यांच्या मताने. कुणी डोईजड झाला, तर ज्याने त्याने खापरीवर त्याचं नाव कोरायचं. खापऱ्या पुरेशा जमल्या की त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. बायकांना मात्र तिथे तोंड उघडायची सोय नव्हती.

त्यांच्यातल्या लिसिपने इथल्याच धमाशी लग्न केलं होतं. माणूस सोन्यासारखा, पण प्रश्न विचारायची भारी खोड! न्याय कशाला म्हणायचं, शहाणा कोण, भेटेल त्याला विचारायचा. लोक वैतागले होते. त्यात व्यापाऱ्यांनी घाटमाथ्यावर पाण्याचं टाकं खोदवून घेतलं, तेव्हा त्यांचा म्होरक्या थेऑन याला लिसिपने भरबाजारात गाठून काहीतरी विचारलं. थेऑनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'हा देव मानत नाही, गाव फोडतो,' असं त्याने घरोघर पसरवलं आणि सभा बोलावली.

धमा तेव्हा पोटुशी होती म्हणे. आपल्या लेकराला बाप दिसणार कधी, या विचाराने तिचा जीव उडून गेला. चौथऱ्याच्या कडेला उभी राहून ती खापऱ्या कोरणारे हात बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"थांबा!" ती ओरडली. "घरी भांडण झालं की मी याला बजावते, आधी माझं म्हणणं बोलून दाखव, मग तुझं सांग. थेऑनदादा, माझ्या नवऱ्याने विचारलं तरी काय, ते नीट सांगा. मग खुशाल घालवा त्याला."

बाई बोलली म्हणून काहींनी कुरकुर केली, पण थेऑन हसला. "देव कशाला हवेत, असं विचारलं."

"नाही," लिसिप म्हणाला.

"मग, व्यापारी चोर आहेत का, असं."

"तेही नाही."

लोक चुळबुळायला लागले. "अहो, सांगून टाका की!" मागून कुणीतरी म्हणालं.

थेऑन अडखळला. "ज्या धनगरांनी टाकं खोदलं, त्यांच्या मेंढरांना त्यातलं पाणी का द्यायचं नाही... असं."

"हो, हेच."

यात देव कुठे होता? आणि गाव फोडणं तरी कुठे? एका म्हाताऱ्याने हातातली खापरी उतारावर भिरकावली. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. शेवटी थेऑननेही आपली टाकली, असं म्हणतात.

धमा ढसाढसा रडायला लागली. लिसिप जवळ येऊन विचारतो कसा, "सुटलो ना आपण? मग रडतेस का?"

"आता एक प्रश्न जरी विचारलास, तर मीच घालवीन तुला!" असं म्हणून ती रडता रडता हसायला लागली.

आजही इथे सभा लांबते, डोकी तापतात, कधी दिवस मावळतो. पण वाळीत टाकलेलं घर या गावात एकही नाही.